वस्तादची बरगडी

सलूनवाल्या वस्तादला त्याची बायको धरून बडवते, ही बातमी रस्त्यावर पहिल्यांदा कुणी आणली याचा मान घ्यायला आजही तीन-चार माणसं तयार आहेत. औषधाच्या दुकानातली बाई म्हणते, तिनं मागच्याच वर्षी ओळखलं होतं. माणूस मनगटाला प्लास्टर घालून येतो आणि "पडलो" म्हणताना हसतो, तेव्हा शहाण्यानं काय समजायचं ते समजावं. शेजारचा चप्पलवाला म्हणतो, त्यानं त्याच्याही आधी. आणि पुराव्यांना काय तोटा होता? आधी मनगट झालं, मग पायाचं बोट, मग बरगडी. डावी पापणी कायम अर्धी मिटलेली, जणू काल रात्रीच कुणी ठोसा ठेवून दिलाय. चेहरा सुजलेला. संध्याकाळी बोलायला लागला की जीभ जड. आणि बायको? ती कोपऱ्यावरच्या बेकरीत कामाला. मैद्याचं पोतं असं उचलते जशी दुसरी बाई उशी उचलेल. वस्ताद तिच्या खांद्याला लागतो. दोघं शेजारी उभी राहिली की कोण कुणाला मारत असेल हा प्रश्नच उरत नाही. उरतो तो एवढाच की कशानं.

"लाटण्यानं," चप्पलवाला ठामपणे सांगायचा. "बेकरीतलं लाटणं बघितलंय का कधी? पोर झोपवता येईल एवढं असतं."

त्यानंही ते कधी बघितलेलं नव्हतं, पण तो मुद्दा वेगळा.

आता वस्ताद कोण, ते सांगायला हवं. त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण पाटी वाचतो कोण. दोन खुर्च्यांचं दुकान, भिंतभर आरसा, कोपऱ्यात कुरकुरणारा रेडिओ, आणि मध्ये हा बारीक, बुटका, तरतरीत माणूस. कात्री चालायची ती चालायचीच, पण गिऱ्हाइकं यायची ती तोंडासाठी. कुणाचा जावई सासुरवाडीला ठाण मांडून बसलाय, कुणाच्या टकलावर अचानक केस कसे उगवले, कोण कुणाशी का बोलत नाही, सगळा माल ताजा मिळायचा. दुकानाचा एक अलिखित कायदा होता: खुर्चीत बसलेल्यानं काहीही विचारावं, त्याला हसू आणणारं उत्तर मिळालंच पाहिजे. सरळ उत्तर म्हणजे कमीपणा. "केस फार गळतात हो" म्हणणाऱ्याला वस्ताद म्हणायचा, "गळू द्या, माझं काम हलकं होतं." तीस वर्षं त्यानं हा कायदा पाळला. पुढे तोच त्याच्या गळ्याशी आला.

आठ-नऊ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाची मान साफ करताना त्याचा हात खाली आला. दमून येतो तसा नाही. नळ बंद करावा तसा. थोडा वेळ बसला, हात परत आला. मग पापणी उतरली. मग संध्याकाळी घास गिळेना. पुष्कळ दारं ठोठावल्यावर नसांच्या डॉक्टरनं नाव सांगितलं, मायस्थेनिया. मेंदूचा हुकूम नसेतून धावत येतो आणि स्नायूच्या दारात अडतो. आतल्याला ऐकूच जात नाही. वापराल तेवढा हात दमतो, विसावा दिलात की थोडा परत येतो. मरत नाही माणूस, पण बरंही होत नाही. गोळ्या सुरू झाल्या. एक गोळी दर काही तासांनी घ्यायची, तिच्यानं हातांना चावी बसायची. दुसरी रोज सकाळची, स्टिरॉइडची. त्या दुसऱ्या गोळीनं श्वास सांभाळला, गिळणं सांभाळलं, दुकान सांभाळलं. बदल्यात चेहरा चंद्रासारखा गोल केला. रस्ता म्हणाला, बेकरीवालीच्या हातचं मानवलंय.

वस्तादनं चाकाचं एक उंच स्टूल घेतलं. त्यावर बसून तो गिऱ्हाइकाभोवती फिरायचा, कोपर खुर्चीच्या पाठीवर टेकवून कापायचा. सकाळी कात्री पूर्वीसारखी, दुपारपर्यंत बरी, नंतर शटर खाली. "दुपारनंतर पितो," हीसुद्धा एक बातमी मध्यंतरी फिरून गेली होती. ती वस्तादनं स्वतःच आणखी चार जणांना सांगितली, गंमत म्हणून.

मनगट मोडलं ते टॉवेल घेताना. टॉवेल खुंटीवर होता, हा स्टुलावरून वाकला, आधाराला हात खुर्चीच्या दांड्यावर टेकवला, आणि मनगट गेलं. पडला नाही, आपटला नाही; टेकला फक्त. पायाच्या बोटाची गोष्ट तर सांगायलाही लाज वाटावी अशी. त्यावर साबणाची बाटली पडली. अर्धी रिकामी.

प्लास्टर निघालं त्या दिवशी त्यानं नसांच्या डॉक्टरला विचारलं, "डॉक्टर, हे सारखं मोडतंय का माझं?"

"वर बघा. बघत राहा," डॉक्टर त्याच्या पापणीकडे बघत म्हणाले. "छान. गिळताना त्रास?"

"गिळतो छान. मोडतोही छान."

"ते हाडांच्या डॉक्टरांना विचारा."

हाडांचे डॉक्टर त्याच इमारतीत, दोन मजले वर. लिफ्ट होती, पण तिच्यावर 'फक्त स्ट्रेचरसाठी' असं लिहिलेलं. ज्याच्या मांड्या चार पायऱ्यांत संपतात तो माणूस दोन मजले चढला, मध्ये पायरीवर बसून, जाणाऱ्या-येणाऱ्याला "काही नाही, हवा खातोय" असं सांगत. वर हाडांच्या डॉक्टरनं मनगट वळवून बघितलं. "उत्तम जुळलंय. आता पडू नका."

"मी मुद्दाम पडत नाही. आणि हे तर न पडताच मोडलं."

"गोळ्यांनी होत असेल. पण गोळ्या माझ्या नाहीत. ज्यांनी दिल्या त्यांना विचारा."

"मग बंद करू का?"

"मुळीच नको. अशा एकदम बंद केल्या तर हाडं राहतील आणि श्वास जाईल."

वस्ताद पुन्हा खाली आला. खालच्यांची वेळ संपली होती. औषधाच्या दुकानातल्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "वय झालं हो." तो अजून पंचावन्नचाही नव्हता. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "माझ्या अंगाची वाटणी झालीय. पापण्या खालच्याकडे, हाडं वरच्याकडे. मध्ये जो जिना आहे ना, तेवढा फक्त माझा."

बायको हसली नाही. ती सहसा हसायची नाहीच, बोलायचीही बेताचं. तिचं सगळं हातांत असायचं. सकाळी त्याच्या काखेत हात घालून ती त्याला पलंगावरून एका झटक्यात उभा करायची. घराच्या तीन पायऱ्या उतरताना त्याचा दंड तिच्या मुठीत असायचा. शर्टाचं वरचं बटण, चप्पलचा बंद, पाठीला साबण, ही कामं तिनं कधी मागून घेतली नाहीत आणि त्यानं कधी सांगितली नाहीत. त्या हातांना मैद्याचा आणि थोडा जळक्या पावाचा वास यायचा. आजार आल्यावर त्याला एकाच गोष्टीची भीती राहिली नव्हती, ती पडण्याची. कारण मागे ती असायची.

मग ती संध्याकाळ आली. तो न्हाणीघरातून बाहेर येत होता, गोळीची वेळ टळून गेलेली. दारातच गुडघे सुटले. ती मागेच होती. तिनं दोन्ही हातांनी त्याला छातीपाशी कवटाळलं, जसं पोतं निसटताना धरतात तसं, आणि उचलून उभं ठेवलं. तेवढ्यात आतून आवाज आला. वाळकी काटकी मोडावी तसा, बारीक. दोघांनी ऐकला. तो म्हणाला, "आई गं." त्याला खुर्चीत बसवून ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि आपल्या हातांकडे बघत राहिली.

बरगडीला प्लास्टर नसतं. ती आपली आपण जुळते, पण प्रत्येक श्वासाला आठवण देते. वस्तादला श्वास आधीच बेताचा, त्यात हे. कूस दाबून तो चौथ्या दिवशी दुकानात आला. पहिलं गिऱ्हाईक चप्पलवाला. खुर्चीत बसायच्या आधीच त्यानं विचारलं, "काय रे, कूस धरून का चाललायस?"

आता खरं सांगायचं तर मायस्थेनिया, गोळ्या, न्हाणीघर, बायको, आवाज, सगळं सांगावं लागलं असतं. श्वास नव्हता तेवढा. आणि दुकानाचा कायदा होता.

"काही नाही," वस्ताद म्हणाला. "घरचा आहेर."

चप्पलवाला इतका हसला की त्याला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

बस, एवढंच झालं. दुपारी शटर खाली येईपर्यंत बातमी चौकात पोचली होती. संध्याकाळी तिला लाटणं मिळालं. आठवड्याच्या शेवटी मनगटाचं प्लास्टर आणि पायाचं बोट तिला येऊन मिळालं, आणि मागच्या बाजूला राहणाऱ्या एका म्हातारीला तर आरडाओरडाही ऐकू आलेला होता. म्हातारी ठार बहिरी.

वस्तादला यातलं काही कळलं नाही. त्याचं लक्ष घरी होतं. घरी एक विचित्रच गोष्ट सुरू झाली होती. बायको त्याला धरेना.

तसं सगळं ती करत होती. जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर. न्हाणीघरापासून पलंगापर्यंत तिनं खुर्च्यांची रांग लावली. काठी आणली. तो उठायला लागला की ती समोर यायची, पण हात पाठीमागे बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. "ती खुर्ची धरा. आता ही. काठी पुढे टाका."

"अगं, एवढं सांगण्यापेक्षा हात दे की."

"खुर्ची धरा."

घराच्या पायऱ्या तो कठडा धरून उतरायला लागला. वरचं बटण उघडं राहायला लागलं. पाठीला साबण लागेना. एकदा तो डगमगला तेव्हा तिचे हात पुढे आले आणि अर्ध्यावरच थांबले. तो कपाटाला धडकून सावरला. ती स्वयंपाकघरात निघून गेली, आणि बराच वेळ नळ नुसताच वाहत राहिला.

तेव्हा वस्तादनं ठरवलं. हाडांची तपासणी करून घ्यायची, ती यंत्रावर झोपवून हाडं किती विरळ झालीत ते सांगतात ती. उपचार वगैरे पुढचं पुढे. त्याला डॉक्टरच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, तिच्या समोर: बाई, यात तुमच्या हातांचा दोष नाही. स्वतः त्यानं ते वीसदा सांगून बघितलं होतं. पण ज्याची उभी हयात थापा मारण्यात गेली त्याचं खरं कोण मानतो?

तो परत खाली गेला, परत वर. खालचे म्हणाले, वरच्यांनी तपासणी लिहून द्यावी. वरचे म्हणाले, गोळ्या खालच्यांच्या, तेव्हा तपासणीही खालच्यांनीच लिहावी. तिसऱ्या खेपेला तो हाडांच्या डॉक्टरच्या समोरच्या खुर्चीत बसला आणि उठलाच नाही.

"झालं तुमचं," डॉक्टर म्हणाले. "बाहेर रांग आहे."

"अर्धी हजामत टाकून आम्ही गिऱ्हाइकाला उठवत नाही, डॉक्टर. बाहेर कितीही रांग असो. तुम्ही माझी उजवी बाजू केलीत, डावी राहिलीय."

डॉक्टर वैतागले, हसलेही थोडे, आणि लिहून दिलं. त्या दिवशी यंत्र दुरुस्तीला गेलेलं होतं. पुढच्या तारखेला यंत्र होतं, चालवणारी मुलगी रजेवर. त्याच्या पुढच्या तारखेला दोन्ही होती, तर रांगेत वस्तादच्या हातांना चावी देणाऱ्या गोळीची वेळ टळून गेली, आणि त्याला त्या टेबलावर चढवेना. "नातेवाईक कोण आहे? धरा की यांना," मुलगी म्हणाली. बायको दारात उभी होती, हात मागे. शेवटी त्या मुलीनंच त्याला धरून वर घेतलं. परक्या मुलीचा थंड हात दंडाला लागला तेव्हा वस्तादला बरगडीपेक्षा जास्त दुखलं.

निकालाला पंधरवडा लागणार होता. त्या पंधरवड्यातच बातमी बेकरीत पोचली.

एक नेहमीची गिऱ्हाईकबाई पाव घेता घेता तिच्या कानाशी वाकली. "वहिनी, एक सांगू? एवढं मारू नये हो. कामाचा माणूस आहे." वहिनीला काही समजलं नाही. मग दुसरी आली, तिच्या डोळ्यांत वेगळंच तेज. "तुम्ही कसं जमवलंत ते सांगा ना. आमच्याकडे नुसता आवाज चढवला तरी चार दिवस तोंड फुगवून बसतात." मग बेकरीच्या मालकानं, तो भला माणूस, हळूच तिच्या हाताजवळचं लाटणं उचललं आणि फळीवर ठेवून दिलं.

ती घरी आली तेव्हा वस्ताद काठी घेऊन खुर्च्यांच्या रांगेतून येत होता.

"घरचा आहेर म्हणालात तुम्ही?"

वस्तादला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. "अगं, ती थट्टा होती. चप्पलवाल्यानं विचारलं, मी आपलं..."

"थट्टा खोटी असते. हे खोटं नव्हतं."

"म्हणजे?"

"मोडली ना माझ्याच हातांनी? मीच मोडली. आता सगळा गाव मला विचारतोय की कशी मोडली, आणि मी 'नाही हो, मी नाही' असं कुठल्या तोंडानं सांगू? आवाज मी ऐकलाय." ती थांबली. "तुम्हाला लोक हसलेले चालतात. मला नाही चालत."

तीस वर्षांत तिनं एका दमात इतकं बोललेलं वस्तादला आठवत नव्हतं. तो काठी टेकवून जवळच्या खुर्चीत बसला.

दुसऱ्या दिवसापासून तो खरं सांगायला लागला. आणि खरं सांगणं किती कठीण असतं ते त्याला तेव्हा उमगलं. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा: मला एक आजार आहे, त्याच्या गोळ्या आहेत, वर्षानुवर्षं घेतल्या की हाडं पोखरली जातात, बायको मला मारत नाही. गिऱ्हाईक मान हलवायचं, आरशातून त्याच्या पापणीकडे बघायचं, आणि गुळगुळीत होऊन घरी जाऊन सांगायचं, "बिचारा. अजून तिला सांभाळून घेतोय."

चप्पलवाल्याला तर त्यानं हात जोडले. "अरे बाबा, तू सुरू केलंस, तू बंद कर."

"समजलं, समजलं," चप्पलवाला डोळा मारत म्हणाला. "घरातलं घरात. माझ्या तोंडून आता एक शब्द नाही." आणि जाता जाता खालच्या आवाजात, "हे बघ, अगदीच वेळ आली तर माझ्या दुकानामागे खोली रिकामी आहे. कडी आतून लागते."

वस्तादनं रेडिओ बंद केला. झाडू घेतला. बातमी म्हणजे कापलेले केस, हे त्यालाच इतक्यांदा सांगावं लागलं होतं लोकांना; उडाले की उडाले, कुणाच्या डोक्याला परत चिकटत नाहीत. लोकांच्या बाबतीत हे सांगताना त्याला कधी वाईट वाटलेलं नव्हतं. गोळ्यांनी हाडं विरतात, ही बातमी एकानंही दुकानाबाहेर नेली नाही. तिच्यात लाटणं नव्हतं ना.

निकालाच्या दिवशी दोघं गेली. दोन मजले. तो कठडा धरून, ती दोन पायऱ्या मागे, हात पदराखाली. प्रत्येक वळणावर तो बसायचा, ती उभी राहायची. एकदा तो म्हणाला, "आज डॉक्टर सांगतील बघ." ती म्हणाली, "सांगू देत."

डॉक्टर घाईत होते. पडद्यावर बघत म्हणाले, "कण्याची हाडं बरीच विरळ आहेत. खुब्याची त्याहून. तुमच्या वयाला हे शोभत नाही." वस्तादनं बायकोकडे विजयी मुद्रेनं बघितलं. झालं, आता येतंय ते वाक्य. डॉक्टरनी तिच्याकडे मान वळवली. "घरी तुम्ही असता ना? सांभाळा जरा. यांना जोरात धरायचं नाही, दाबायचं नाही. बरगडी अशीच जाते."

बायकोचा चेहरा पांढरा झाला. मैद्यासारखा, असं सांगायचा मोह होतो. महिनोन्‌महिने वस्ताद जिने चढला होता, उतरला होता, तारखा घेतल्या होत्या, खुर्चीत ठाण मांडून बसला होता. ते ह्या वाक्यासाठी? ती उठून दाराकडे निघालीही होती.

"थांबा," वस्ताद म्हणाला. कुणाला, ते त्यालाही माहीत नव्हतं. दुपार व्हायला आली होती, जीभ जड व्हायला लागली होती, आणि त्यानं एकेक शब्द उचलून ठेवावा तसा ठेवला. "डॉक्टर. मी पडत होतो. फरशीवर. हिनं धरलं. म्हणून बरगडी मोडली. हिनं धरलं नसतं तर?"

"धरलं नसतं तर काय, पडला असता."

"पडलो असतो तर?"

डॉक्टर पुढच्या माणसाचे कागद उघडत होते. मान वर न करता म्हणाले, "हा खुबा बघता? खुबा गेला असता. मग ऑपरेशन, आणि तुमचा श्वास असा असताना भूल द्यायची म्हणजे... त्यातून उठला असता की नाही, मी सांगू शकत नाही. बरगडीवर निभावलं म्हणा." मग दाराशी थांबलेल्या बायकोकडे बघून, "धरायचं नाही असं नाही म्हणालो मी. छातीला नको. कंबरेला पट्टा बांधा रुंद, आणि पट्ट्याला धरा. शेजारच्या खोलीत व्यायामाची बाई बसते, ती दाखवील."

"आणि औषध?" वस्ताद म्हणाला.

"कॅल्शियम लिहितो. वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं औषध आहे, हाडांचं. पण तुमचा आजार असल्यामुळे आधी खालच्या डॉक्टरांना विचारून या."

"ते आहेत का आज?"

"परदेशात आहेत. महिनाअखेरीस येतील."

वस्तादनं कागदाची घडी करून खिशात ठेवली.

व्यायामाची बाई जेवायला गेलेली होती. तिच्या बंद दारापुढे दोघं उगाच उभी राहिली, मग जिन्याकडे आली. उतरायचा जिना चढायच्यापेक्षा वाईट असतो. गुडघा कधी दगा देईल सांगता येत नाही. वस्तादनं कठडा धरला. एक पायरी उतरला. मागे पावलं वाजली नाहीत. त्यानं वळून बघितलं तर ती वरच्याच पायरीवर उभी होती. हात पदराबाहेर होते.

"कुठं धरू?" ती म्हणाली.

"डॉक्टर म्हणाले पट्टा."

"पट्टा कुठाय आता? कुठं धरू ते सांगा."

त्यानं पॅंटचा कमरेचा पट्टा दाखवला, मागचा. तिनं त्यात चार बोटं घातली आणि मूठ घट्ट केली.

"दुखतंय?"

"नाही."

"खरं सांगा."

"खरं सांगतोय," तो म्हणाला. "सवय नाही तुला."

तशी ती दोघं उतरली. खालच्या मजल्यावर एक ओळखीची बाई भेटली, औषधाच्या दुकानातली. तिनं बघितलं, वस्तादची बायको त्याला मागून पट्ट्याला धरून, पोरगं पळून जाऊ नये म्हणून धरतात तसं, जिन्यावरून आणतेय. तिनं भुवया वर केल्या. संध्याकाळपर्यंत ही बातमीही चौकात पोचली.

तेव्हा आता जे खरं आहे ते असं. वस्तादची बरगडी त्याच्या बायकोच्याच हातांत मोडली. तो पडत होता आणि तिनं त्याला धरलं. आठ-नऊ वर्षांच्या गोळ्यांनी हाडं विरली होती, म्हणून नुसत्या धरण्यानं मोडली. मनगट आणि बोट मोडलं तेव्हा ती बेकरीत होती. तिनं त्याला कधी मारलेलं नाही. मारते असं सगळ्यांत आधी बोलला तो वस्ताद.